वाहत्या पाण्याला विटाळ नसतो?

खानापूरच्या घाटावर मलप्रभेचं पाणी ओंजळीत घेताना आमच्याकडची म्हातारी माणसं हमखास म्हणतात, "पितो की बिनधास्त, वाहत्या पाण्याला विटाळ नसतो."

यात अर्धं खरं आहे. दगडांवर आपटत खळाळणारं पाणी हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि त्या बळावर जिवाणू घाण कुजवून संपवतात. पण या हिशेबाला मर्यादा आहे. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. सांडपाणी त्याहून जास्त मागायला लागलं की नदीच्या पोटातला साठाच आटतो आणि मासे पहाटे तोंड वर काढून धापा टाकतात. पहाटेच का? रात्रभर शेवाळंही प्राणवायू खातं, तयार मात्र करत नाही.

बेळगावचं सांडपाणी वाहून नेणारा बळ्ळारी नाला बघा. तोही वाहतोच की! त्याला कुणी तीर्थ म्हणत नाही.

शिवाय शेतातून धुऊन आलेलं खतांतलं नायट्रेट किंवा कारखान्यातले जड धातू खळाळून कुठे जात नाहीत. फार तर खालच्या गावाला पोहोचतात. नितळपणावरही जाऊ नका. कावीळ, टायफॉइड पसरवणारे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तुरटी फिरवली तर गाळ बसतो, जंतू सगळे मरत नाहीत. प्यायचं असेल तर पाणी खळखळून उकळा, निदान एक मिनिट. नायट्रेट मात्र उकळूनही तसंच राहतं.