ऐतिहासिक कादंबरी घरी नेण्याआधी
सभासद आणि ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सातारा

काउंटरवर 'ऐतिहासिक काहीतरी द्या' म्हटले की बहुतेकांच्या मनात आधीच 'श्रीमान योगी' असते. रणजित देसाईंची ही कादंबरी मोठीच आहे, पण तिची पानेही हजारावर आहेत. रोज निजताना वीस पाने वाचणाऱ्याला पन्नास दिवस लागतात. तीस दिवसांच्या मुदतीतही ती संपत नाही, मग दंडाच्या धास्तीने अर्धवट परत येते आणि पुढची कादंबरी घ्यायचा उत्साहही मावळतो. म्हणून सुरुवात कुठून करावी, मध्येच काय अडते आणि अडल्यावर काय करावे, ते इथे दिले आहे.

पहिल्यांदाच वाचणाऱ्यांनी 'स्वामी' घ्यावी. लेखक तेच, काळ थोरल्या माधवराव पेशव्यांचा (१७६१ ते १७७२), आकार आटोपशीर. पात्रेही बेताची आहेत: माधवराव, रमाबाई, गोपिकाबाई, राघोबादादा आणि दरबारातली मोजकी माणसे. सातारकरांना ती जवळची वाटायला आणखी कारण आहे. गोपिकाबाई वाईच्या रास्त्यांच्या, रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. थेऊरला माधवरावांचा अकाली मृत्यू होतो हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी पुस्तक हातातून सुटत नाही.

शिवकालासाठी थेट मोठ्या ग्रंथाकडे जाण्यापेक्षा गो. नी. दांडेकरांच्या पाच कादंबऱ्या आधी वाचाव्यात: 'बया दार उघड', 'हर हर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची' आणि 'हे तो श्रींची इच्छा'. या तुलनेने लहान आहेत. राजा दुरून दिसतो आणि गडावरची, गावातली साधी माणसे जवळून. सातवी-आठवीच्या मुलांनाही झेपतात, मात्र जुन्या बोलीतले शब्द एखाद्या मोठ्या माणसाने सोबत बसून सांगावेत. त्यानंतर 'श्रीमान योगी' घेतली तर गड, घाट, माणसे ओळखीची झालेली असतात. तिला नरहर कुरुंदकरांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे. ती आधी न वाचता कादंबरी संपल्यावर वाचावी, तेव्हाच तिच्यातले वाद नीट कळतात.

'छावा'ची मागणी २०२५ च्या चित्रपटानंतर फार वाढली. शिवाजी सावंतांची भाषा अलंकारिक आहे, वाक्ये लांब आहेत. पटापट वाचणाऱ्याला पहिली शंभर पाने जड जातात, सावकाश वाचणाऱ्याला तीच आवडतात. जुन्या नाटकांनी संभाजीराजांना व्यसनी, बेफिकीर रंगवले होते. वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांच्या संशोधनाने ते चित्र बदलले. ही पार्श्वभूमी माहीत असली की कादंबरी एवढी तळमळून कोणाची बाजू मांडते ते उमगते. १६८९ च्या फेब्रुवारी-मार्चमधला शेवटचा भाग अंगावर येणारा आहे. लहान मुलांना पुस्तक देताना हे लक्षात ठेवावे.

पेशवाईत क्रम पाळला तर खूप त्रास वाचतो. ना. सं. इनामदारांची 'राऊ' (थोरले बाजीराव, १७२० ते १७४०), मग विश्वास पाटलांची 'पानिपत', त्यानंतर 'स्वामी' किंवा ती आधीच झाली असेल तर इनामदारांची 'शिकस्त'. 'शिकस्त' सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंची आहे. पानिपतावर काय झाले हे माहीत नसताना ती वाचली तर निम्मा अर्थ हरवतो. उत्तर पेशवाईसाठी 'झुंज' (यशवंतराव होळकर), 'झेप' (त्रिंबकजी डेंगळे) आणि 'मंत्रावेगळा' (दुसरे बाजीराव) ही तिन्ही इनामदारांचीच. या काळाकडे वाचक फारसे वळत नाहीत. आमच्या मते इनामदार सर्वात रंगतात ते इथेच.

एक उणीव सांगायला हवी. १७०० मध्ये अजिंक्यतारा मोगलांनी घेऊन त्याचे आझमतारा केले, १७०८ मध्ये शाहू महाराजांचा इथेच राज्याभिषेक झाला, पण राजाराम महाराज, ताराराणी आणि शाहू महाराज यांच्या काळावर शिवकाल-पेशवाईच्या मानाने कादंबऱ्या थोड्या आहेत. या काळासाठी गो. स. सरदेसाईंच्या 'मराठी रियासती'चे संबंधित खंड घ्यावेत. भाषा जुन्या वळणाची आहे, पण गोष्ट सांगायची हातोटी कादंबरीकाराला लाजवील अशी.

वाचन मध्येच तुटते ते बहुतेक वेळा नावांमुळे. पुढचा मजकूर कागदावर उतरवून पुस्तकात खूण म्हणून ठेवावा. बाजीराव दोन, माधवराव दोन (थोरले आणि सवाई). चिमाजी अप्पाही दोन: वसई घेणारे थोरल्या बाजीरावांचे भाऊ, दुसरे त्यांच्या नातवाचे, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ. राघोबा, रघुनाथराव आणि दादासाहेब हा एकच माणूस. नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव, नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन, आणि १८५७ चे नानासाहेब तिसरेच. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू यांच्यात दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. ही गल्लत तर पदवीधरांकडूनही होते.

दुसरा अडथळा तारखांचा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो: शिवराज्याभिषेकाचा शके १५९६ म्हणजे १६७४. मात्र शक चैत्रात बदलतो आणि सन जानेवारीत, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथींना ७९ मिळवायचे. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ ची, म्हणजे १४ जानेवारी १७६१. इथे ७८ मिळवले की वर्ष चुकते आणि लेखकाला उगाच दोष दिला जातो. जुन्या पुस्तकांत शिवजन्म १६२७ चा आढळेल. तो छापखान्याचा दोष नाही, त्या वेळी ते वर्ष मानणारे बरेच होते. आज शासनमान्य तारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे.

शब्दांसाठी कोश घेऊन बसायची गरज नाही, थोडे शब्द कळले तरी पुरते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. बुणगे म्हणजे फौजेबरोबरचे न लढणारे लोक. 'पानिपत' वाचताना हा शब्द पक्का हवा, कारण भाऊंची निम्मी अडचण तीच होती.

आणि कादंबरी ही कादंबरीच. लढाईची तारीख, तहाची कलमे, पत्रांतला मजकूर यांना कागदाचा आधार असू शकतो, पण बंद दालनातले बोलणे लेखकाचे असते. मस्तानीबद्दल समकालीन कागदांत फार थोडे सापडते, 'राऊ'मधली तिची वाक्ये इनामदारांची आहेत. ती व्हॉट्सअॅपवर पुरावा म्हणून पाठवू नयेत. 'पानिपत' वाचून शंका आल्या तर त्र्यं. शं. शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१' मागावे.

विकत घेताना नक्कल ओळखा. पदपथावर अर्ध्या किमतीला मिळणाऱ्या 'छावा' किंवा 'श्रीमान योगी'ची अक्षरे पुसट किंवा फुगलेली दिसतात, कारण ती छापील पानांवरून पुन्हा छापलेली असते. पान उजेडासमोर धरले की मागचा मजकूर दिसतो. प्रकाशकाचा पत्ता, आवृत्तीचे वर्ष आणि मुद्रकाचे नाव पाहावे. जाड पुस्तकाचे पृष्ठांक दुकानातच चाळावेत. पुस्तक साधारण सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेले असते, म्हणून गडबड झाली तर सोळा पाने एकदम गायब असतात किंवा दोनदा येतात. आमच्याकडून घेतलेल्या प्रतीत असे निघाले तर पावतीसह आणा, प्रत बदलून मिळेल.

नवे जाड पुस्तक एकदम मधोमध उघडून दाबू नये. डिंकाची बांधणी तिथेच तडकते आणि पाने सुटू लागतात. आधी पुढून दहा-बारा पाने, मग मागून तेवढीच, असे करत मध्यापर्यंत यावे. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका: काही वर्षांत ती पिवळी पडते आणि खालची अक्षरे घेऊन निघते. फाटलेले पान तसेच आमच्याकडे द्या. मनगट दुखत असेल तर पोथीची लाकडी घडवंची वापरावी, हजार पानी ग्रंथ तिच्यावर नीट राहतो.

जुलै-ऑगस्टात भिंतीला चिकटून ठेवलेल्या पुस्तकांना बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, पुस्तके गच्च कोंबू नयेत आणि ऊन पडेल त्या दिवशी दारे उघडी ठेवावीत. ओले पुस्तक थेट उन्हात वाळवले तर पाने वाकडी होतात. पानांत कोरा कागद घालून पंख्याखाली उभे ठेवावे आणि कागद बदलत राहावे.

मुदत: साध्या कादंबरीला १५ दिवस, सहाशेहून अधिक पानांच्या कादंबरीला ३० दिवस. आणखी एकदा वाढवून मिळते, पण त्या पुस्तकासाठी कोणी नाव नोंदवलेले नसेल तरच. 'छावा'साठी सध्या रांग आहे, नाव आधी नोंदवा.