आठवडी बाजार पुन्हा भरवायचा कधी?

२५ मार्च २०२० ला कोरोनामुळे देश बंद झाला तेव्हा विदर्भात कित्येक घरांमध्ये कापूस अजून पडून होता. ओसरीवर गंजी, आतल्या खोलीत गंजी, माणसं बाहेर निजलेली. हरभरा निघत होता, लग्नसराई तोंडावर होती. बंद एका रात्रीत झालं. उघडणं मात्र पुढे दोन वर्षं चाललं. ते कशाच्या आधारावर करायचं, हे खेड्यातून पाहिलं तर जास्त स्पष्ट दिसतं.

एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो, त्या आकड्याला साथशास्त्रात ‘आर’ म्हणतात. कोरोनाच्या मूळ विषाणूचा आर, कुणीच काळजी घेत नसताना, साधारण २ ते ३ होता. आर १ च्या खाली आला की साथ ओसरते, वर गेला की वाढते. समजा टाळेबंदीत तो ०.९ वर आला आणि एकाकडून दुसऱ्याकडे रोग जायला पाच दिवस लागतात. महिन्यात सहा फेऱ्या होतात, म्हणजे आज १०० नवे रोगी असतील तर महिन्यानं ५३. आता बाजार, एसटी, लग्नं सगळं एकदम सुरू केलं आणि आर १.३ झाला, तर तेच १०० महिन्यानं ४८० च्या पुढे जातात. ०.९ आणि १.३ यांतला फरक बाजारात उभं राहून कुणालाही दिसत नाही.

दिसतो तो उशिरा, आणि खरी अडचण ही आहे. मंगळवारच्या बाजारात कुणाला लागण झाली, तर ताप यायला सरासरी पाच दिवस लागतात, काहींना चौदा. मग दोन दिवस काढा आणि गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, नमुना जिल्ह्याला, अहवालाची वाट. आकडा सरकारी तक्त्यात चढेपर्यंत मधल्या काळात आणखी एक बाजार भरून गेलेला असतो, कधी दोनही. ऑक्सिजनची गरज तर त्याहून मागाहून कळते. म्हणून एक गोष्ट उघडायची, दोन आठवडे थांबायचं, आकडे पाहायचे आणि मग पुढची. दहा गोष्टी एकाच सोमवारी उघडल्या तर रोग कशामुळे वाढला हे शोधायला जागाच उरत नाही.

आधी काय उघडायचं, याचं उत्तर हवेत आहे. हा विषाणू मुख्यतः श्वासातून पसरतो आणि बंद खोलीत त्याचे बारीक कण बराच वेळ तरंगत राहतात. मोकळ्या वावरात ते वाऱ्यानं पांगतात. तिफणीमागे चालणारा, निंदण करणाऱ्या बाया, धानाच्या रोवणीची टोळी यांना कामाच्या जागी धोका कमी. २०२० च्या एप्रिल ते जून तिमाहीत देशाचं सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घसरलं, पण शेती ३.४ टक्क्यांनी वाढली. शेतीकामाला सूट होती, आणि ती देणं शास्त्राला धरूनच होतं.

धोका वावराच्या आधी आणि नंतर आहे. बाजाराहून परतणारी काळीपिवळी जीप आठवा. दोघांच्या जागेत चौघं, मागच्या दाराला लटकलेली पोरं, पावसामुळे ताडपत्रीचे पडदे खाली ओढलेले, मांडीवर भाजीची थैली, आणि पाऊण तासाचा रस्ता. किंवा जूनमध्ये पेरणीच्या तोंडावरचं कृषी केंद्र: अरुंद गाळा, छतापर्यंत सोयाबीनच्या बॅगा, एक पंखा, काउंटरवर वाकलेली वीसेक माणसं, आणि दर विचारायला प्रत्येकाचा आवाज चढलेला. कोरोनात साधारण १० ते २० टक्के रोग्यांकडूनच ८० टक्के लागण होत होती आणि ती बरीचशी अशाच कोंदट गर्दीत. त्यामुळे सगळं गाव बंद ठेवण्यापेक्षा अशा मोजक्या जागा सुधारणं जास्त उपयोगाचं. २०२० च्या खरिपात खतं-बियाणं थेट बांधावर पोचवण्याची मोहीम राज्यानं घेतली, ती मला या दृष्टीनं फार मोलाची वाटते. बाजाराची दुकानं दूरदूर मांडता येतात, कापूस खरेदीला टोकन देता येतं. काळीपिवळीचे पडदे वर बांधायला तर पैसाही लागत नाही.

लाट ओसरली म्हणजे धोका संपला, असं २०२१ च्या सुरुवातीला पुष्कळांना वाटत होतं. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तिसऱ्या पाहणीत, डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ मध्ये, देशात सुमारे २१ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण, सापडली होती. पाचातले चार जण अजून कोरेच होते. फेब्रुवारीत अमरावती आणि अचलपूरला पुन्हा टाळेबंदी लावावी लागली.

त्यानंतर ७ जून २०२१ पासून महाराष्ट्रानं पाच स्तर ठरवले. शंभर तपासण्यांत किती बाधित निघाले आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरल्या, या दोन आकड्यांवर जिल्ह्याचा स्तर ठरे. बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. जागतिक आरोग्य संघटनेनंही मे २०२० मध्ये सलग दोन आठवडे ५ टक्क्यांच्या आत हीच कसोटी सांगितली होती. तारखेऐवजी आकड्यावर उघडणं हे मोठं पाऊल होतं. पण जिल्हा हे माप खेड्याला फार मोठं पडतं. अमरावतीच्या एकाच आकड्यात शहर येतं आणि मेळघाटातली धारणी, चिखलदराही. शहरात तपासण्या भरपूर, डोंगरात थोड्या. सरासरी ४ टक्के आली म्हणून धारणीचा बाजार सुरक्षित आहे, असं म्हणता येत नाही. तालुक्याचा आकडा वेगळा पाहायला हवा, आणि तपासण्या फारच थोड्या असतील तर त्या आकड्यावर काहीही उघडू नये.

खेड्यात तपासण्या थोड्या का होतात, हेही पाहिलं पाहिजे. आशाताई दारात येऊन ताप विचारते आणि घरची बाई म्हणते, कुणालाच नाही. पेरणीच्या दिवसांत अहवाल बाधित आला तर घरातल्या साऱ्यांची मजुरी बुडते. रोजगार हमीचा २०२१-२२ चा राज्यातला दर होता २४८ रुपये. त्या हिशेबानं चौदा दिवस घरी बसणं म्हणजे माणशी ३,४७२ रुपये, ऐन हंगामात. तो ताप तक्त्यात येतच नाही, प्रमाण कमी दिसतं आणि जिल्हा खालच्या स्तरात जाऊन आणखी खुला होतो. बाधित मजुराला घरी थांबण्याची मजुरी मिळाली तर तो तपासणीला येईल, आणि ज्या आकड्यावर बाजार उघडायचा तो आकडा खरा असेल. ही तरतूद स्तरांच्या आदेशातच असायला हवी होती.