गेमिंग लॅपटॉप घेताय? आधी वॅट बघा, मग नाव

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘ग्राफिक्स कार्ड कोणतं?’ हे सगळेच विचारतात. ‘किती वॅटचं?’ हे फार थोडे विचारतात, आणि एकाच नावाच्या दोन लॅपटॉपमध्ये फरक पडतो तो तिथेच.

एनव्हिडियाचं लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० घ्या. हे कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवर चालवायचं, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. ४०६० आणि ४०७० यांनाही हीच मर्यादा आहे. चिप तीच, हिरवा स्टिकर तोच. पण पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर जायला जागा नसते, म्हणून तिथे कार्ड ४५-५० वॅटवर बांधून ठेवतात. जाड लॅपटॉपमध्ये तेच कार्ड ९५-१०० वॅटवर मोकळं पळतं. त्यामुळे पूर्ण वॅटचं ४०५० बांधलेल्या ४०६०च्या बरोबरीला येतं, कधी पुढेही जातं, आणि तेही कमी पैशात.

हा आकडा जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलच्या माहितीत ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ शोधा. लॅपटॉप समोर असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडून सिस्टम इन्फर्मेशनमध्ये बघा. ‘११५ + २५ = १४० वॅट’ असं लिहिलेलं दिसलं तर हुरळून जाऊ नका. ते वरचे २५ वॅट प्रोसेसर निवांत असताना त्याच्या वाट्यातून उसने घेतलेले असतात, आणि ४०५०-४०६०ला १०० वॅटच्या पुढे फारसा फायदा होत नाही.

दुसरा आकडा व्हीरॅमचा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा. ४०५०ला ६ जीबी, ४०६० आणि ४०७०ला ८ जीबी. २०२५ साली आलेल्या ५०५०, ५०६० आणि ५०७० या तिघांनाही ८ जीबीच. १२ जीबी हवी असेल तर थेट ५०७० टीआयकडे जावं लागतं. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही. ४ जीबीवाल्या ३०५० किंवा २०५० वर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ मजेत चालतात; पण मोठ्या नव्या गेममध्ये मेमरी भरली की चित्र अडखळतं, मग कार्डात ताकद शिल्लक असली तरी उपयोग नाही. काही विक्रेते टास्क मॅनेजरमधली ‘शेअर्ड’ मेमरी यात मिळवून ‘१२ जीबी ग्राफिक्स’ सांगतात. ती शेअर्ड मेमरी तुमच्याच रॅममधली असते आणि कितीतरी हळू असते. ‘डेडिकेटेड’ शब्दापुढचा आकडा तेवढा धरा.

प्रोसेसरमध्ये उगाच पैसे घालू नका. इंटेलच्या नावात शेवटी ‘एच’ किंवा ‘एचएक्स’ हवं. ‘यू’ असेल तर तो ऑफिसच्या कामाचा. १२४५०एचसारखा आय५ सुद्धा ४०५०ला पुरतो. आय९ घेऊन कार्ड मात्र लहान घेणं म्हणजे उलटा हिशेब, शिवाय तो तापतोही जास्त. एएमडीच्या ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा बघा: ७८४० मधला ४ म्हणजे झेन ४ ही पिढी, ७५३५ मधला ३ म्हणजे आधीची पिढी. पहिल्या आकड्यावरून दोन्ही सारखेच नवे वाटतात, तशी गोष्ट नाही. ७४३५एचएसमध्ये तर आतलं ग्राफिक्सच नाही, त्यामुळे साधं पीडीएफ वाचतानाही मोठं कार्ड जागं राहतं आणि बॅटरी लवकर उतरते. गेमसाठी तो वाईट नाही, स्वस्तही पडतो. पण दिवसभर कॉलेजात बिनचार्जरचं वापरायचं असेल तर टाळा.

रॅम १६ जीबी, आणि शक्यतो ८-८ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी असली की प्रोसेसरला अर्ध्याच रुंदीचा रस्ता मिळतो. सरासरी फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) थोड्या घसरतात, पण मधेमधे बसणारे झटके जास्त जाणवतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर टिचकी मारली की किती स्लॉट भरलेत ते दिसतं. एक स्लॉट रिकामा असेल तर काळजी नाही, पुढे पट्टी टाकता येते. बोर्डवर डकवलेली रॅम असेल तर जे घेतलं तेच कायमचं. डीडीआर४ची पट्टी डीडीआर५च्या खाचेत बसत नाही, म्हणून जुन्या लॅपटॉपची काढून आणू नका. डीडीआर५ची नवी पट्टी टाकल्यावर पहिल्यांदा चालू करताना पडदा मिनिट-दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त काळा राहतो. त्या वेळात लॅपटॉप पट्टीशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

एसएसडी ५१२ जीबीची घेतली तर विंडोजमध्ये ४७६च्या आसपास दिसते. ती फसवणूक नव्हे, मोजायची पद्धत वेगळी. पण रेड डेड रिडेम्पशन २ एकटाच १५० जीबी जागा मागतो. दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) आहे का, हे विचारून ठेवा.

पडद्याच्या बाबतीत १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं, आता जवळपास सगळीकडे मिळतं. रंगांत मात्र फसगत होते. पडदा किती रंग दाखवतो, हे ‘एनटीएससी’ किंवा ‘एसआरजीबी’च्या टक्क्यांत लिहितात. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेला पडदा फिकट असतो, लाल रंग विटकरी दिसतो. ‘१०० टक्के एसआरजीबी’ (काही ठिकाणी ‘७२ टक्के एनटीएससी’ लिहितात) आणि ३०० निट्सच्या (उजेडाचं माप) वरचा घ्या. लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करणारे फोटोग्राफर आमच्याकडून गेमिंग लॅपटॉपच नेतात. त्यांनी तर ४५ टक्केवाल्याकडे बघूसुद्धा नये, नाहीतर नवरीच्या शालूचा रंग छापून आल्यावर वेगळाच निघेल.

उन्हाळ्याचं गणित

यूट्यूबवरच्या चाचण्या बहुतेक वेळा एसी खोलीत होतात, २४-२५ अंशांना. परभणी, नांदेड, लातूरला मे महिन्यात बाहेर ४०-४२ अंश असताना पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या स्लॅबच्या खोलीत तेवढंच, कधी जास्त असतं. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा ओढतो. ती जितकी गरम, तितकं आतलं तापमान वर सरकतं. एसीत ८५ अंशांवर चालणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत त्याच कामाला १००च्या घरात पोचतो. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर १००-१०५ला, एएमडीचे ९५-१००ला आणि एनव्हिडियाची लॅपटॉप कार्डं साधारण ८७ला स्वतःहून वेग उतरवतात. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. गेम पहिली दहा मिनिटं झकास चालतो आणि मग एकाएकी जड होतो, ते यामुळे. व्हायरस नाही, विंडोज पुन्हा टाकून काही होत नाही.

म्हणून आपल्याकडे थंड करण्याची व्यवस्था कार्डाइतकीच महत्त्वाची. दोन पंखे हवेत. गरम हवा मागून आणि बाजूनेही बाहेर जायला हवी. खालची जाळी मोठी आणि रबरी पाय उंच हवेत. अडीच सेंटिमीटर जाडीचा, सव्वादोन-अडीच किलोचा ओबडधोबड लॅपटॉप इथे पातळ चकचकीत लॅपटॉपपेक्षा चांगला. वजनाची तक्रार रास्त आहे: अडॅप्टर धरून तीन किलो होतात, आणि रोज अंबाजोगाईहून एसटीने ये-जा करणाऱ्याला ते जाणवतं. त्याने कमी वॅटचा हलका लॅपटॉप घ्यावा, पण मग उन्हाळ्यातल्या दुपारी मोठ्या गेमची अपेक्षा धरू नये.

वापरताना मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवा. गादी, गोधडी, सतरंजी यांवर ठेवला की खालची जाळी बंद होते. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० किंवा ९० लावा. कार्ड लगेच निवळतं. बहुतेक लॅपटॉपवर आणखी एक साधा उपाय चालतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० वरून ९९ करा. त्याने प्रोसेसरची टर्बो उडी बंद होते आणि तो बराच थंड पडतो, तर कार्डावर भार असणाऱ्या गेममध्ये फ्रेम फार कमी होत नाहीत. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय लपवलेला असतो. तो दिसत नसेल तर दुकानात आणा.

कूलर जरूर लावा, कोरड्या उन्हाळ्यात खोली त्याने चांगली उतरते. पण त्याच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. झोताबरोबर बारीक थेंब येतात, आणि बोअरचं पाणी क्षाराचं असतं. पाणी उडून जातं, क्षार बोर्डवर बसतो. कूलरच्या जाळीवर जमतो तोच पांढरा थर.

धूळ हा दुसरा शत्रू. काळ्या मातीचा बारीक धुरळा पंख्यातून आत जातो आणि तांब्याच्या नळ्यांपुढच्या पातळ पत्र्यांत नमद्यासारखा बसतो. सोयाबीनच्या मळणीत आणि कापूस वेचणीच्या दिवसांत, त्यातही गावात जिनिंग असेल तर, तंतू मिसळून तो आणखी घट्ट होतो. बाहेरून फुंकर मारून निघत नाही. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमारास, मागचं झाकण उघडून साफ करून घ्या. घरी ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं काडीने अडवून धरा. ते भन्नाट फिरलं तर बेअरिंग जातं. थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप, साधारण दोन वर्षांनी बदलावी. काही महागड्या मॉडेलमध्ये पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं. तो धातू वीज वाहतो, एक थेंब इकडेतिकडे गेला तर बोर्ड गेला. असे लॅपटॉप घरी उघडू नका.

लाईट, अर्थिंग आणि इन्व्हर्टर

लॅपटॉपला यूपीएस लागत नाही, त्याची बॅटरीच यूपीएस आहे. स्टॅबिलायझरही नको, अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, संध्याकाळी दिवे मंद झाले तरी त्याचं चालतं. जळतो तो जास्त व्होल्टेजने. डीपीवर न्यूट्रल तुटला की एका फेजच्या घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. दिवे एकदम प्रखर झाले किंवा फडफडले तर आधी प्लग उपसा, मग बाकीचं बघा. गेलेली लाईट आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून प्लग लावा. वळवाच्या विजा कडाडत असताना अडॅप्टरबरोबर लॅनची (इंटरनेटची) वायरही काढा, विजेचा झटका तिथूनही येतो.

लॅपटॉपच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार उन्हाळ्यात वाढते. अडॅप्टर काढून बॅटरीवर चालवा. झिणझिण्या थांबल्या तर दोष बहुधा घरच्या अर्थिंगचा. अडॅप्टरमधल्या फिल्टरचा बारीक प्रवाह अर्थच्या पिनेतून जमिनीत जायला हवा. अर्थ नसला की तो लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर राहतो. खड्ड्यातली ओल आटली की जुनं अर्थिंग काम करेनासं होतं. त्यात पाणी घाला, कोळसा-मीठ भरून वर्षं झाली असतील तर वायरमनकडून नवं करून घ्या. तीन पिनेचा प्लग दोन पिनेच्या कनव्हर्टरमध्ये खुपसू नका.

बॅटरीवर मोठा गेम चालत नाही, हे आधीच सांगतो. ६० वॅट-तासांच्या बॅटरीतून १२० वॅट ओढले तर अर्धा तास, म्हणून लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. भारनियमनात खेळायचं तर इन्व्हर्टर हवा. १२ व्होल्ट १५० एएचच्या चांगल्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, हाती हजार-अकराशे लागतात. लॅपटॉप २००, पंखा ७०, दिवा आणि राउटर ३० मिळून ३०० वॅट धरले तर साडेतीन तास. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर काही अडॅप्टर गुणगुणतात आणि तापतात. बिलाचं म्हणाल तर २०० वॅटने रोज तीन तास म्हणजे महिन्याला १८ युनिट.

हरवलेल्या अडॅप्टरच्या जागी मोबाईलचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर काही मॉडेलना चालतो, पण फक्त अभ्यासापुरता. गेम लावला की प्लग असूनही बॅटरी उतरत जाते. घरी कायम प्लगवर राहणाऱ्या लॅपटॉपला कंपनीच्या अॅपमधून चार्जची मर्यादा ८० टक्के लावा. गरमीत १०० टक्क्यांवर पडून राहिलेली बॅटरी फुगते. टचपॅड वर आलेला दिसला किंवा झाकण नीट बसेना, तर वापर त्याच दिवशी थांबवा. दाबून बसवू नका, टोचू नका.

ताब्यात घेताना

खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पाठीवरचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर एकच आहे का बघा, आणि त्याच नंबरने कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी कधी सुरू झाली तेही तपासा. ती चार महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली तर कारण विचारा. दुकानात वीस मिनिटं जड गेम किंवा चाचणी लावून एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान आणि कार्डाचे वॅट बघा. सांगितलेले वॅट भारावर दिसायलाच हवेत. आम्ही ही चाचणी मागितली तर करून देतो. दुसरीकडून घेत असाल तरी मागा. वॉरंटी ‘ऑनसाइट’ (घरी येऊन दुरुस्ती) असेल तर ती तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे तालुक्याच्या आणि गावच्या ग्राहकांनी पैसे देण्याआधी विचारावं. बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा लॅपटॉपपेक्षा वेगळी आणि कमी असते. बिल जीएसटीचं घ्या, दर १८ टक्के. व्यवसायासाठी घेत असाल तर त्यावर तुमचा जीएसटी क्रमांक टाकून घ्या.

भाव इथे छापलेले नाहीत, पंधरा दिवसांत बदलतात. येताना चालवायचे गेम आणि सॉफ्टवेअर कागदावर लिहून आणा, ऑटोकॅड किंवा सॉलिडवर्क्स लागत असेल तर तेही. खोलीत एसी आहे की कूलर, आणि इन्व्हर्टर किती व्हीएचा, तेवढं सांगा. मुलाने ‘अभ्यासासाठीच’ म्हटलं असेल तरी गेमची यादी त्याच्याकडूनच घ्या.