मोबाइलचा ठिपका आणि कुंपणाचा खांब

दादरच्या माझ्या मित्राची मुरबाडला वडिलोपार्जित शेती आहे. गेल्या रविवारी तो मोबाइल घेऊन बांधावरून फिरला, चारही कोपऱ्यांचे ठिपके ॲपमध्ये साठवले आणि सिमेंटचे खांब सांगायला निघाला. मी त्याला थांबवलं. मोकळ्या आभाळाखालीही मोबाइल चार-पाच मीटर सहज चुकतो. १०० मीटरची बाजू ४ मीटर सरकली तर ४०० चौरस मीटर जातात, म्हणजे जवळजवळ ४ गुंठे! हद्द ठरते ती भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीने. कुंपणाचं काम त्यानंतरचं.

हद्दीच्या खुणा जमिनीवर नेमक्या उतरवायला रोव्हर, म्हणजे काठीवर बसवलेलं सर्व्हेचं जीपीएस यंत्र, लागतो. तो विकत घेऊ नये, सर्व्हेअरला यंत्रासकट एक दिवस बोलवावं. रोव्हरही तेच उपग्रह ऐकतो, मग तो सेंटिमीटरपर्यंत कसा पोहोचतो?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. मोबाइल सहसा त्यांच्या संदेशातला सांकेतिक कोड जुळवून अंतर काढतो. या कोडचा एकेक तुकडा सुमारे ३०० मीटर लांब. त्याचा शंभरावा भाग ओळखला तरी चूक ३ मीटरची. रोव्हर कोडवर थांबत नाही, तो कोड वाहून आणणारी रेडिओलहर मोजतो. तिची लांबी फक्त १९ सेंटिमीटर, तिचा शंभरावा भाग २ मिलिमीटर! अडचण एकच, उपग्रहापासून इथवर पूर्ण लहरी किती आल्या हे कळत नाही. दहा कोटींच्या वर असतात, आणि सगळ्या एकसारख्या.

इथे बेस स्टेशन कामी येतं, म्हणजे एका जागी पक्कं बसवलेलं दुसरं यंत्र, जे आपली मोजमापं रोव्हरला पाठवतं. त्याची जागा आधीच अचूक माहीत असते. वातावरणाने लावलेला उशीर आणि उपग्रहाच्या घड्याळाची चूक जवळच्या दोन यंत्रांना जवळपास सारखीच असते, त्यामुळे वजाबाकीत ती उडून जाते. मग रोव्हर लहरींच्या पूर्णांकांचे संच तपासत बसतो. एका उपग्रहाशी कितीतरी आकडे जुळतात, पण सगळ्या उपग्रहांना एकाच बिंदूत आणणारा संच शेवटी एकच उरतो. तो सापडला की पडद्यावर ‘फिक्स’ येतं. ‘फ्लोट’ म्हणजे संच अजून पक्का झालेला नाही, ते दिसत असताना खुंटी ठोकू नका.

आंब्याच्या दाट झाडाखाली फिक्स सहसा मिळत नाही. लोअर परळच्या टॉवरांमध्ये टॅक्सीचा ठिपका पलीकडच्या रस्त्यावर उडी मारतो, त्याचं एक कारण भिंतींवरून परतलेल्या लहरी. अशा जागी टोटल स्टेशन लावावं, ते उपग्रहांऐवजी दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजतं. आणि कोणी ईशान्य कोपरा वाढवला की भरभराट होते म्हणून खुंटी दोन फूट सरकवायला सांगितली, तर साफ नकार द्या. ती शेजाऱ्याची जमीन आहे.

उतारावर टेप जमिनीलगत धरू नका, आडवा धरा, कारण नकाशातली अंतरं आडवी असतात. ३० अंशांच्या चढावर १० मीटर टेप आडवा फक्त ८.६६ मीटर भरतो. तारेची लांबी मात्र चढावरूनच मोजायची.

कोपऱ्याचा खड्डा खणताना खुंटी निघतेच. म्हणून आधी खड्ड्याबाहेर समोरासमोर चार खुंट्या ठोकून दोन दोऱ्या अशा ताणाव्यात की त्या बरोबर कोपऱ्यावर एकमेकींना छेदतील. खणताना दोऱ्या सोडायच्या, खांब उभा करताना पुन्हा बांधायच्या आणि जिथे छेदतात तिथे ओळंबा सोडायचा.