डबल बास आणि सुटलेली सम

वडोदऱ्यात एखादा मराठी मुलगा डबल बासवर, म्हणजे खर्जाच्या मोठ्या उभ्या तंतुवाद्यावर, क्यूबन नृत्यताल शिकायला बसला, की पहिली अडचण बोटांची नसते, समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, असते. मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली काढलेली गायनशाळा पुढे इथल्या विद्यापीठात सामावली. अशा गावात कानाला समेची ओढ लहानपणीच लागते, आणि नवरात्रात गरब्याची टाळी ती आणखी पक्की करते. क्यूबन बास नेमकी तीच जागा रिकामी ठेवतो.

ही खोड जुनी आहे. पूर्व क्यूबातल्या ‘सोन’ संगीतात खर्जाचं काम बराच काळ मारिंबुला करायची. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यपरंपरेतून आलेली ही लाकडी पेटी. तिच्या दर्शनी बाजूला धातूच्या मोजक्या पट्ट्या. वादक पेटीवरच बसणार आणि खाली हात घालून पट्ट्या छेडणार. सूर थोडे, ठोका दणदणीत. १९२० च्या दशकात हवानाच्या वादकांनी तिच्या जागी डबल बास आणला. वाद्य युरोपचं, पण काम मारिंबुलाचंच राहिलं. माझ्या मते पुढचं सगळं तिथेच ठरलं.

आठ मात्रांचा केरवा धरा: धा गे ना ती न क धी न. क्यूबन तालाचा एक मूळ सांगाडा ३+३+२ असा, म्हणजे आघात पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर. बासने त्यातली पहिली गाळली. उरले ‘ती’ आणि ‘धी’. त्यातही ‘धी’वरचा सूर पुढच्या आवर्तनातल्या कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीचा) असतो, तो आधीच येतो आणि समेवरून पुढे लांबतो. आपल्याकडची अनागताची, म्हणजे समेच्या आधीच पोचण्याची, गंमत हीच. फक्त आपला तबलजी ती अधूनमधून करून दाद घेतो; हा बासवाला रात्रभर तेच करतो आणि कुणी वाहवा म्हणत नाही!

१९४० च्या दशकात आर्सेनियो रॉड्रिगेस या अंध वादकाच्या ताफ्यात काँगा (हाताने वाजवायचा उंच ढोल), पियानो आणि बास एकमेकांत घट्ट गुंतले. त्याच सुमाराचा मोठा बासवादक म्हणजे इस्राएल लोपेस, ऊर्फ काचाओ (१९१८–२००८). हवानाच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदात गजाने वाजवणारा हा माणूस नाचाच्या ताफ्यात तारा छेडायचा. भाऊ ओरेस्तेसने १९३८ मध्ये ‘मांबो’ नावाचा दान्सोन (क्यूबन नृत्यसंगीताचा एक प्रकार) रचला, आणि दान्सोनचा शेवटचा भाग मोकळा सोडून त्यावर ताल खेळवायचं काम दोघांनी मिळून केलं.

१९६२ मध्ये अमेरिकेतल्या अँपेग कंपनीने ‘बेबी बास’ काढला: उभाच, पण सडपातळ आणि विजेवर चालणारा. न्यूयॉर्कच्या साल्सावाल्यांनी, म्हणजे क्यूबन तालांवर उभं राहिलेलं नृत्यसंगीत वाजवणाऱ्यांनी, तो उचलून धरला. म्हणून जुन्या साल्सा रेकॉर्डवर बास ठसठशीत, पण लगेच मिटणारा ऐकू येतो. लाकडी डबल बासवर तसं हवं असेल तर ‘ती’चा सूर छेडून डाव्या हाताचा दाब लगेच सैल करायचा. ‘धी’चा मात्र सम ओलांडेपर्यंत सोडायचा नाही.