ओरेगॉनची 'सॅल्मन विषबाधा': नाव एक, आजार दुसराच

सप्टेंबर उलटला की अमेरिकेच्या वायव्येकडच्या ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या नद्यांत सॅल्मन मासे अंडी घालायला समुद्रातून वर चढू लागतात. त्याच सुमारास ताप आणि उलट्या घेऊन आलेल्या कुत्र्याच्या मालकाला तिथले जनावरांचे डॉक्टर आधी एकच गोष्ट विचारतात: गेल्या आठवडा-दहा दिवसांत याला नदीवर नेलं होतं का? उत्तर 'हो' असेल तर विष्ठेची तपासणी होते आणि बहुतेकदा तिचा निकाल यायच्या आधीच औषध सुरू होतं. पोर्टलंड आणि सिएटलच्या आसपास आता मराठी घरं पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच घरांत कुत्रीही आहेत. त्यामुळे हा प्रश्न मराठीतही ऐकू येऊ लागला आहे, आणि त्याच्यासोबत एक गैरसमजही: कच्चा सॅल्मन खाऊन कुत्र्याला होणाऱ्या या आजाराला 'सॅल्मन विषबाधा' म्हणतात, म्हणजे मासाच विषारी असणार.

या भागात सॅल्मन खाऊन कुत्री मरतात हे 19व्या शतकाच्या सुरुवातीपासून लिहिलं गेलं आहे. कोलंबिया नदीच्या मुखाशी फरचा व्यापार करणाऱ्या गोऱ्यांनी ते पाहिलं, नंतरच्या वसाहतवाल्यांनी पाहिलं, आणि मूळ रहिवाशांना ते अर्थातच त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असणार. एकदा यातून वाचलेलं कुत्रं सहसा पुन्हा आजारी पडत नाही, हेही लोकांच्या ध्यानात आलं होतं. खरं तर विषाची शंका तिथेच मिटायला हवी होती. विष खाऊन वाचलेल्याला दुसऱ्यांदा विष चढत नाही असं कधी होत नाही. पण नाव पडायचं ते पडून गेलं.

कोडं आणखी चमत्कारिक होतं. उत्तरेला अलास्का आणि युकॉनमध्ये बर्फावरच्या घसरगाड्या (स्लेज) ओढणाऱ्या कुत्र्यांचं पोटच सॅल्मनवर भरायचं. तिथल्या चम जातीच्या सॅल्मनला तर 'डॉग सॅल्मन' म्हणतात. कोणी म्हणतं ते नाव नराच्या सुळ्यांवरून पडलं, कोणी म्हणतं कुत्र्यांना घालतात म्हणून. मासे तेच, कुत्रीही तीच, मग मरण फक्त दक्षिणेच्या नद्यांकाठी का? 'माशात विष' या उत्तराने हे सुटत नव्हतं.

1911 मध्ये ओरेगॉनच्या कृषी महाविद्यालयातल्या एका जीवाणुतज्ज्ञाने माशाच्या शरीरातल्या बारीक गाठींकडे बोट दाखवलं. तो एखादा अमीबासारखा परजीवी असावा, असा त्याचा तर्क होता. तर्क चुकला, पण बोट बरोबर जागी होतं. 1920च्या दशकाच्या मध्यात तिथल्याच संशोधकांनी दाखवून दिलं की त्या गाठी म्हणजे एका चपट्या कृमीचे कोश आहेत. आपल्याकडे म्हशी-मेंढ्यांच्या यकृतात जे पर्णकृमी होतात, त्यांच्याच मोठ्या कुळातला हा कृमी, फक्त फारच लहान. पूर्ण वाढला तरी एक-दोन मिलिमीटर. कोश माशाच्या मूत्रपिंडात सगळ्यात दाट असतात, आणि कुत्रं मेलेल्या माशाचं पोट आधी फोडतं.

नावांचा घोळ इथून पुढे वाढत गेला. 1926 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या शीर्षकातच संशोधकांनी 'तथाकथित सॅल्मन विषबाधा' असं लिहिलं. म्हणजे नाव चुकीचं आहे हे शंभर वर्षांपूर्वी, या विषयावर सगळ्यात जास्त काम केलेल्या माणसांना कळलेलं होतं. त्याच वर्षी कृमीचं बारसं 'नॅनोफायेस' असं झालं, आणि लगेच लक्षात आलं की ते नाव एका जातीच्या सोंडकिड्याला आधीच दिलेलं आहे. प्राणिशास्त्रात एक नाव दोघांना चालत नाही. मग शेपूट बदलून 'नॅनोफायेटस सॅल्मिन्कोला' केलं. 1930च्या दशकात एका अभ्यासकाने त्याला उचलून वेगळ्याच वंशात, 'ट्रोग्लोट्रेमा'त टाकलं. त्यामुळे जुनी पुस्तकं चाळणाऱ्याला एकच कृमी तीन नावांनी भेटतो आणि हे तीन वेगळे आजार तर नाहीत, असं वाटायला लागतं.

कृमी सापडला, तरी कुत्रं मरतं कशाने हे कळलेलं नव्हतं. आतड्यात हजारो कृमी असूनही मांजर, रकून, अस्वल खुशाल हिंडतात. मरतात ती कुत्री, कोल्हे आणि कायोटी (तिथले लहान लांडग्यासारखे प्राणी). निर्णायक ठरला तो रक्ताचा प्रयोग. आजारी कुत्र्याचं रक्त निरोगी कुत्र्याला टोचलं, तर ज्याने मासा तोंडातही घेतलेला नाही आणि ज्याच्या पोटात एकही कृमी नाही असं कुत्रंही तसंच आजारी पडलं. म्हणजे विष गेलं आणि कृमीही मुख्य आरोपी राहिला नाही, तो नुसता वाहक ठरला. मारणारं काहीतरी वेगळं होतं आणि ते रक्तात वाढत होतं. काही काळ हा विषाणू असावा असं मानलं गेलं, पण विषाणूवर न चालणाऱ्या सल्फा औषधांनी गुण येऊ लागला तेव्हा तेही डळमळलं.

उत्तर मिळालं 1950 साली. त्या काळात तिथे फरसाठी पाळलेले कोल्हेही माशांचे टाकाऊ भाग खाऊन मरत होते, त्यामुळे संशोधनाला पैशाची निकड आली होती. (कुत्री शतकभर मरत होती तेव्हा ती नव्हती, हे नोंदवून पुढे जातो.) मेलेल्या कुत्र्या-कोल्ह्यांच्या लसिका गाठींतल्या पेशींच्या आत अतिसूक्ष्म जीवाणूंचे पुंजके दिसले. 1953 मध्ये त्यांना 'निओरिकेट्सिया हेल्मिन्थोइका' हे नाव मिळालं. ग्रीक उकलून पाहिलं तर अर्थ निघतो, कृमीच्या घरात राहणारी नवी रिकेट्सिया (रिकेट्सिया म्हणजे पेशींच्या आतच वाढणारे जीवाणू). या सगळ्या प्रकरणातलं हे पहिलं नाव, ज्यात खरी हकिगत आहे. शिवाय 1950 साली हा शोध मांडणाऱ्या निबंधाच्या शीर्षकात 'विषबाधा' हा शब्द वगळून नुसतं 'सॅल्मन डिसीज' म्हटलं होतं.

ती दुरुस्ती टिकली नाही. पाठ्यपुस्तकांनी 'सॅल्मन पॉइझनिंग डिसीज' असा ना धड इकडचा ना तिकडचा शब्द घेतला आणि तोच रुळला. माझ्या मते हा नुसता शब्दांचा कीस नाही. 'विषबाधा' म्हटलं की माणूस लगेच होणाऱ्या त्रासाची वाट पाहतो. मासा खाल्ला, रात्र गेली, दुसऱ्या दिवशी कुत्रं उड्या मारतंय, म्हणजे निभावलं असं समजतो. प्रत्यक्षात लक्षणं दिसायला साधारण पाच ते सात दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर नदीवरची सहल विसरलेली असते. मग खाणं सुटतं, ताप 104-105 अंश फॅरनहाइट किंवा त्याच्याही वर जातो, गळ्याखालच्या गाठी सुजतात, उलट्या आणि पुढे रक्ताचे जुलाब. शेवटच्या टप्प्यात ताप उतरतो, कधी नेहमीपेक्षाही खाली जातो, आणि घरच्यांना वाटतं आता बरं वाटतंय. उपचार न झालेल्या दहा कुत्र्यांपैकी नऊपर्यंत दगावतात, आणि तेही आजार दिसल्यापासून बहुधा आठवडा-दहा दिवसांत. उलट वेळेवर डॉक्सिसायक्लिनसारखं साधं प्रतिजैविक आणि कृमींसाठी प्राझिक्वान्टेल मिळालं तर बहुतेक वाचतात. विषावर उतारा शोधायचा असतो, जीवाणूवर औषध दुकानात आहे. एका शब्दाने हा फरक झाकला जातो.

'सॅल्मन' हा अर्धा भागही तितकाच गोंधळात टाकणारा. ट्राउट आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारा ट्राउट) यांच्यात हेच कोश असतात, आणि तिथल्या एका मोठ्या सॅलमँडरमध्येही. या साखळीचं खरं मूळ मासा नाही, गोगलगाय आहे. 'जूगा' वंशातली, गडद रंगाची, मळसूत्री निमुळत्या शंखाची ही गोगलगाय ओढ्यातल्या दगडांना चिकटून असते, बोटाच्या पेराएवढी. तिच्यातून बाहेर पडलेल्या कृमीच्या अळ्या पाण्यात माशाच्या पिल्लाला गाठतात. पिल्लू मोठं होऊन समुद्रात जातं, वर्षं काढतं आणि परत येतं, तोवर कोश आत जिवंतच. उत्तर कॅलिफोर्निया ते वॉशिंग्टन, कॅस्केड डोंगररांगेच्या पश्चिमेला, एवढाच या गोगलगाईचा मुख्य मुलूख. अलास्कात ती नाही, म्हणून स्लेजची कुत्री जगली. लागण झालेले मासे दुसरीकडे नेऊन सोडले तर तिथली कुत्री आजारी पडू शकतात, पण गोगलगाईशिवाय साखळी तिथे मूळ धरत नाही.

याच न्यायाने एक गोष्ट आपल्या बाजारापुरती. हॉटेलच्या मेनूवर 'इंडियन सॅल्मन' म्हणून येतो तो आपला रावस, आणि त्याचं सॅल्मनशी काही नातं नाही. मुंबईत मिळणारा नॉर्वेचा पाळीव सॅल्मन खरा सॅल्मन आहे, पण तो त्या गोगलगाईच्या पाण्यातला नाही. कच्चा मासा आणि काटे कुत्र्याला घालू नयेत याची कारणं वेगळी आहेत, हा आजार त्यात येत नाही.

1960च्या दशकात वॉशिंग्टनमधल्या एका नदीच्या नावाने 'एलोकोमिन फ्लूक फीवर' पुढे आला. नातलग जीवाणू, त्याच कृमीतून (इंग्रजीत 'फ्लूक') येणारा, कमी मारक. त्यामुळे एकदा वाचलेलं कुत्रं कायमचं सुटलं, ही जुनी समजूत अर्धवट ठरली. पहिल्यातून वाचलेल्याला दुसरा होऊ शकतो. 1987 मध्ये ओरेगॉनमधल्या माणसांच्या आतड्यातही हा कृमी सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पोट बिघडण्यापलीकडे सहसा फार काही होत नाही आणि कुत्र्याला मारणारा जीवाणू माणसाला आजारी पाडत नाही. पण एका रुग्णाला मासा न खाता, नुसते मासे हाताळून लागण झाली होती. 2001 च्या फेरवर्गीकरणात घोड्यांच्या पोटोमॅक तापाचा आणि जपानमधल्या सेनेत्सू तापाचा जीवाणूही 'निओरिकेट्सिया' वंशात आणून बसवले गेले. पोटोमॅक तापात घोडं मासा खात नाही, पाण्याकाठचे किडे चाऱ्यासोबत गिळतं, पण त्या किड्यांतही चपटा कृमी आणि कृमीत जीवाणू हीच मांडणी. कुत्र्यांची एक स्थानिक भानगड म्हणून सुरू झालेलं नाव आता अख्ख्या गटाचं आहे.

अलीकडच्या दोन गोष्टींनी धोका पुन्हा चर्चेत आणला. पहिली, कुत्र्यांना कच्चं खाणं घालण्याची टूम. नदीवर न गेलेलं कुत्रंही आता घरच्या ताटलीतून आजारी पडू शकतं. मासा पूर्ण शिजवला, किंवा उणे 20 अंश सेल्सिअसला किमान 24 तास आतपर्यंत गोठवला, तर धोका जातो. थंड धुरावर धरलेल्या माशाची तशी खात्री नाही.

दुसरी गोष्ट वादाची. सॅल्मन अंडी घालून मरतात आणि त्यांच्या कुजण्यातून समुद्रातलं पोषण ओढ्यांना, झाडांना, पुढच्या पिल्लांना मिळतं. मासे घटल्यावर ही खतावळ आटली, म्हणून सरकारी मत्स्यबीज केंद्रांतले मेलेले मासे मुद्दाम ओढ्यांत टाकले जातात. नदीसाठी ते योग्यच आहे. पण ज्या काठांवर लोक कुत्री मोकळी सोडतात, तिथेही ते होतं. मोजणीत दोनदा धरले जाऊ नयेत म्हणून अशा माशांचं शेपूट छाटलेलं असतं. नोव्हेंबरात काठावर पांढरी बुरशी चढलेला, डोळे गल पक्ष्यांनी नेलेला, शेपूट सरळ रेषेत कापलेला मासा दिसला, तर तो प्रवाहाने आणलेला नसून बहुधा ट्रकने आलेला आहे. पाट्या लावतात, पण वाहनतळापाशी. मासे असतात खाली वळणावर, दगडांच्या सांदीत, आणि कुत्र्याला ते वासाने माणसाच्या बऱ्याच आधी सापडतात.