थांबण्याचे पैसे कोणाच्या खिशातून? पुरवठा साखळीतील मनुष्यबळ टंचाईची पार्श्वभूमी

ट्रक उभे आहेत, पण चालक मिळत नाहीत. गोदाम बांधून तयार आहे, पण आज कामावर घेतलेला माणूस पुढच्या महिन्यात दिसेल याचा भरवसा नाही. ही तक्रार 2020 नंतर इतक्या ठिकाणांहून ऐकू येऊ लागली की ती करोनाचीच देणगी वाटावी. प्रत्यक्षात दुखणं बरंच जुनं आहे, आणि त्याची सुरुवात बंदराच्या फाटकाशी सापडते.

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या गोदीत जहाज लागलं की मुकादम फाटकावर येई आणि जमलेल्या झुंडीतून हवी तेवढी माणसं निवडून घेई. कुणाला तासाभराचं काम मिळे, बाकीचे हात हलवत परत. जहाज कधी येणार ते वाऱ्याच्या आणि भरतीच्या मर्जीवर, पण त्या बेभरवशाची किंमत मोजायची ती हमालाने. ऑगस्ट 1889 मध्ये संप झाला. तासाला पाचाऐवजी सहा पेन्स, ही त्यातली मागणी सगळ्यांच्या लक्षात राहिली. मला दुसरी जास्त मोलाची वाटते: बोलावलंत तर निदान चार तासांचं काम द्या. पाचेक आठवड्यांनी संप जिंकला, तरी फाटकावरची निवड काही संपली नाही. पुढे 1947 च्या योजनेने ब्रिटनमधल्या नोंदणीकृत गोदी कामगारांना, काम नसलं तरी हजेरी लावल्याचे पैसे मिळू लागले.

आणि मग कंटेनर आला. 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकी ट्रक व्यावसायिक माल्कम मॅक्लीन यांचं ‘आयडियल-एक्स’ हे जहाज 58 कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल चढवायला टनामागे सहा डॉलरच्या आसपास पडत, तिथे हिशेब 16 सेंटांवर आला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या गोदी कामगार संघटनेने 1960 मध्ये यंत्रांना वाट दिली आणि बदल्यात नोंदलेल्या कामगारांसाठी नोकरीची हमी व निवृत्तीचा निधी पदरात पाडून घेतला. सौदा शहाणपणाचा होता, पण आधीच आत असलेल्यांपुरता.

कारण काम बंदरातून उठून गेलं होतं. कंटेनर आता शहराबाहेरच्या गोदामात उघडू लागला, आणि तिथे ना गोदीतल्यासारखी नोंदणी होती, ना तशी संघटना. (ब्रिटनची हजेरीची योजनाही 1989 मध्ये गुंडाळली गेली.) अमेरिकेत 1980 च्या कायद्याने मालवाहतुकीवरचे निर्बंध सैल केले. नव्या कंपन्यांची गर्दी झाली, भाडी उतरली. लांब पल्ल्याच्या चालकाला पैसे बहुधा मैलावर मिळतात. गोदामाच्या दारात पाच तास गेले तर चाकं फिरलेली नसतात, म्हणून कमाईही नाही. फाटकावरची ती झुंड आता केबिनमध्ये एकेकटी बसते, एवढाच फरक. तिथल्या मोठ्या ट्रक कंपन्यांत चालक सोडून जाण्याचं वार्षिक प्रमाण अनेक वर्षं 90 टक्क्यांच्या वर राहिलं. याला ‘टंचाई’ म्हणावं का, हाच प्रश्न आहे. परवाना असलेली माणसं आहेत, ती थांबत नाहीत.

‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो याच काळात. 1982 मध्ये सल्लागार कीथ ऑलिव्हर यांनी तो वापरला. साठा कमीत कमी ठेवायचा आणि माल हवा तेव्हाच पोहोचवायचा, असा त्या काळचा सूर होता. साठा कमी झाला की वेळ चुकवायला वाव उरत नाही, आणि तो ताण शेवटच्या माणसापर्यंत झिरपतो.

2020 मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा हे उघड्यावर आलं. वर्षअखेरीस सुमारे 4 लाख खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकले होते. 2021 च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये टँकरचालकांअभावी पेट्रोल पंप कोरडे पडले आणि सैनिकांना स्टिअरिंगवर बसवावं लागलं. चालकांनी मात्र पगाराइतकीच दुसरी एक गोष्ट लावून धरली होती: रात्री गाडी लावायला सुरक्षित जागा, स्वच्छ शौचालय, अंघोळीची सोय. त्या ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात सरकारने रस्त्याकडेच्या सोयींसाठी 3.25 कोटी पौंड ठेवले.